जोहाचे डाळिंबी पेले

निजामपुऱ्यात कुणाच्या कपाटातून जुना रंगीत पेला निघाला, की तो आधी कुबराकडे जायचा. कोणी आजीचा निळा पेला ओढणीत गुंडाळून आणायची, कोणी काल्हेरच्या गोदामातल्या भंगारातून उचललेला जांभळा. लोक रंगाला भुलतात. कुबरा चष्मा नाकावर चढवून पेला आधी उलटा करायची आणि तळ बघायची. काच फुंकल्यावर कारागीर लोखंडी दांडीवरून पेला तोडून घेतो, त्याची बेंबीसारखी खूण तळाशी असली, तर माल हाताचा आणि जुना. साच्याची शिवण थेट काठापर्यंत चढलेली असली, तर यंत्राचा. वर्षानुवर्षं वापरून पडलेले ओरखडे वाटेल त्या दिशेला धावतात. पॉलिश पेपरने मुद्दाम पाडलेले मात्र शहाण्यासारखे एकाच दिशेने जातात. एवढं बघून ती सांगायची, हा तुमच्या आजीच्या लग्नाआधीचा, हा तुमच्या स्वतःच्या लग्नातला. आणि एरवी भाजीवाल्याशी तासभर हुज्जत घालणाऱ्या बायका तिचं म्हणणं निमूट मान्य करायच्या.

तिला काचेचं वेड आहे, असं सगळ्यांना वाटे. वेडबिड काही नव्हतं. ती सगळी विद्या जळफळाटातून आलेली होती.

सासूने वाटणी केली तेव्हा थोरल्या सुनेला, जोहाला, सहा डाळिंबी पेले मिळाले आणि धाकट्या कुबराला सहा हिरवे. घराण्यातला कोणी पणजा जहाजावर खलाशी होता, त्याने दोन्ही एकाच फेरीत आणले, असं सासू सांगायची. घरात निकाह झाला की नवरदेवाला पहिलं सरबत द्यायचं ते डाळिंबी पेल्यातून, हा रिवाज. हिरवे कधी कुणी मागितले नाहीत. सरबताचं तबक घेऊन जोहा बायकांच्या गर्दीतून निघाली, की कुबराच्या पोटात दुखायला लागायचं. लोक दुल्हा बघायचे, ही जोहाचे हात बघायची.

मोबाइलवर व्हिडिओ बघून ती शिकली, तेही आधी स्वतःच्या हिरव्यांसाठीच. जुन्या हिरव्या काचेचा एक प्रकार नोटा तपासायच्या दिव्याखाली पोपटी पेटतो, असं कळल्यावर तिने नवऱ्याच्या, तनवीरच्या, सुताच्या दुकानातून तो दिवा घरी आणला. तिचे पेले काही पेटले नाहीत. शिवणही काठापर्यंत आलेली. खलाशी पणजा कबरीत गेल्यावर कितीतरी वर्षांनी कुठल्याशा कारखान्यात निघालेला तो माल. सासूने आपल्या गळ्यात हलकं मारलं, हे तिला त्या दिवशी पुराव्यानिशी समजलं. तेव्हापासून तिची एकच आस होती: जोहाचेही तसलेच निघावेत. पण ते शोकेसमध्ये, आणि शोकेसची किल्ली जोहाकडे. ते आपण होऊन मागायला कुबराची जीभ कधी रेटली नाही.

यंदा जोहाच्या मुलीचा, रमशाचा, निकाह झाला आणि पाठोपाठ जोहाने काल्हेरला नवा फ्लॅट घेतला. सामान बांधता बांधता एका दुपारी ती सहाही पेले टॉवेलात गुंडाळून स्वतःच कुबराच्या दारात उभी राहिली.

"कुबरा, खरे हायत का खोटे, तेवढं सांग," ती म्हणाली. "तुझ्या शब्दावर मी दुसऱ्या कुणाला विचारायची न्हाय."

कुबराने पहिला पेला उलटा केला. तळाशी बेंबी होती, घासून गुळगुळीत केलेली. शिवण शोधून सापडेना. काठ एका बाजूला केसभर खाली होता आणि ओठ लागतात तिथलाच सोन्याचा मुलामा तेवढा गेलेला होता. तिने दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. शंभर वर्षांहून जुना, हाताचा, असला माल तिच्या हातात याआधी कधी आला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, आणि ते कौतुकाचं नव्हतं. हिलाच का? नेहमी हिलाच का?

"नवे हायत, भाबी," ती म्हणाली. "बाजारातले."

बरं झालं विचारलं, असं पुटपुटत जोहाने पेले पुन्हा टॉवेलात गुंडाळले आणि ती गेली. काचेबद्दल कुबरा जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली होती. तिला वाटलं होतं, मन खाईल. कसलं खातंय! त्या दिवशी तिने तनवीरच्या आवडीचा कोलंबीचा पुलाव केला आणि स्वतः दोनदा वाढून घेतला.

पुढे काल्हेरच्या घरी जोहाने दुआ ठेवली. कुबरा नटूनथटून गेली. नवं शोकेस लखलखत होतं, पण डाळिंबी पेले काही दिसेनात. कुठे ठेवलेत, असं तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ते आमच्या लूमच्या कारखान्यात पाठवले, कामगारांच्या चहाला. तिथले कप फुटलेत सगळे," जोहा म्हणाली. मग जवळ सरकून हळू आवाजात बोलू लागली, "ते तुला द्यायचे होते गं. रमशाचं लगीन झालं की तुलाच, हे मी केव्हाच ठरवलेलं. तुझा जीव हाय त्यांच्यात, मला काय दिसत न्हाय? पन तू जाणकार. खोटा माल तुझ्या हातात कसा ठेवू? म्हणून आधी विचारून घेतलं."

कुबराच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी पातळ, जुनी काच आणि त्यात लूमवरचा उकळता चहा. किती उरलेत, असं तिने हातातली बशी खाली ठेवत विचारलं.

"एकपन न्हाय. चहा ओतला आन तडकले सगळे."

खोलीत सगळा गोतावळा बसला होता. खरं बोलायचंच असेल तर ते आत्ता, आणि सगळ्यांसमोर. कुबराने तोंड उघडलं.

"काच हलकी होती, भाबी," ती म्हणाली.

"ते तर तू पहिलंच सांगितलेलं," असं म्हणून जोहाने तिच्या बशीत आणखी एक सांदण वाढलं.