दोन मिनिटं गप्प

रेसिडेन्सीत किस्से कमी घडत नाहीत, पण झोपच इतकी अपुरी की एकही लक्षात राहत नाही! एमडी झाल्यावर मी वैद्यकीय शिक्षणाची फेलोशिप घेतली. म्हणजे, डॉक्टरांना शिकवायचं कसं, हे शिकायचं. झोप मिळायला लागली आणि किस्से साठायला लागले.

पहिला घरचाच. आईनं माझ्या क्लिनिकसाठी सात रस्ता चौकात गाळा बघून ठेवला होता. माझा बेत कळल्यावर मामी म्हणाली, "मास्तरीणच व्हायचं होतं तर डी.एड. करायचं की! एवढी वर्षं कशाला रक्त आटवलंस?" आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

मग पहिलं ऑनलाइन लेक्चर. विद्यार्थी वीस मिनिटांच्या पुढं ऐकत नाहीत, हे एका सरांनी आम्हाला दीड तास समजावलं. शेवटी "एनी डाउट्स?" म्हटल्यावर माझा बॅचमेट म्हणाला, "सर, वीस मिनिटांच्या पुढचं परत सांगता का?"

एकदा विद्यार्थ्यांच्या सरावासाठी वॉर्डात आया असलेल्या कमलमावशींना खोटं पेशंट केलं. छातीत दुखतंय, असं ठरलेलं. विद्यार्थी आला, "काय होतंय?" मावशी गप्प. "कधीपासून?" गप्पच. पोरगा घाबरून नाडी बघायला लागला. तेव्हा मावशी कडाडल्या, "आधी नाव इचार की! त्याबिगर तोंड उघडायचं न्हाय, मॅडमनी सांगितलंय!"

आमचे विभागप्रमुख कदम सर. सगळं कॉलेज त्यांना टरकून. त्यांना मी धीर करून सांगितलं, की चूक दाखवताना आधी कौतुक करावं, मग चूक सांगावी आणि शेवटी पुन्हा कौतुक. दुसऱ्या दिवशी राउंडला सर इंटर्नला म्हणाले, "अ‍ॅप्रन स्वच्छ आहे. केसपेपर भिकार लिहिलायस. अ‍ॅप्रन खरंच स्वच्छ आहे!"

माझ्या प्रोजेक्टवर सही याच सरांची हवी होती. प्रोजेक्ट साधा: ओपीडीत पेशंटला पहिली दोन मिनिटं न अडवता बोलू द्यायचं. सर म्हणाले, "दोन मिनिटांत मी दोन पेशंट संपवतो!" मला रडूच यायचं बाकी होतं. सही नाही तर फेलोशिप नाही, आणि आईचा गाळा होताच. शेवटी सर म्हणाले, "एकच पेशंट. काही उपयोग दिसला तर सही."

आले सांगोल्याचे एक आजोबा. पोटदुखी, कितीतरी महिने तीच औषधं, गुण नाही. मी मोबाइलवर घड्याळ लावलं. आजोबा डाळिंबांबद्दल बोलले, शेळ्यांबद्दल बोलले, जावयाबद्दल तर लईच बोलले. सर टेबलाची कड घट्ट धरून बसलेले. दोन मिनिटं संपत आली आणि आजोबा म्हणाले, "गोळ्या चांगल्या हायत सायेब, पर दोघांत पुरत न्हाईत. निम्म्या मी खातो, निम्म्या म्हातारीला देतो. तिचं बी पोट दुकतंय की."

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग आजोबांकडं.

"आजी कुठं आहेत?"

"भाईर बसलीया."

"बोलवा त्यांना आत," सर म्हणाले. "आणि तू, ते घड्याळ परत पहिल्यापासून लाव."