पालथ्या माणसाची गादी

आमच्या गावात गाद्या भरणारी बाई एकच, एर्सिलिया बिनागी. तिचं दार आणि माझं दार एकाच अंगणात. दर वसंतात ती घरोघर जायची, गाद्या उसवायची, लोकर अंगणात काढून काठ्यांनी झोडायची, पिंजायची आणि दाभणाने पुन्हा शिवून द्यायची. जीभ मोठी फटकळ. नव्या नवरीची गादी भरताना तिच्या आईला म्हणायची, "लोकर मी भरते, अक्कल तुम्ही भरून पाठवा." आई हसायची, नवरी तोंड फुगवून बसायची.

आमच्याकडे एक रीत आहे. जिवंत माणसाची लोकर नुसती झोडून पिंजायची. माणूस गेला, की मात्र ती वाहत्या पाण्यात धुवायची आणि मगच दुसऱ्या कुणाच्या पाठीखाली घालायची. एर्सिलियाने अशी निम्म्या गावाची लोकर ओढ्यावर धुतली होती.

तिचा एकुलता मुलगा देल्फीनो इटलीच्या फौजेतून रशियाच्या आघाडीवर गेला आणि तिकडच्या बर्फात बेपत्ता झाला. मेला असं कुणी कळवलं नाही, आहे असंही नाही. तेव्हापासून बाईची जीभ गप्प झाली. ती रडली नाही. मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायची, खायची, भांडं घासून पालथं घालायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मला काही वाटतच नाही गं तील्दे. हात गारठल्यावर सुई टोचली तरी कळत नाही ना, तसं झालंय." त्या वसंतात तिने सगळ्या गावाच्या गाद्या झोडल्या, फक्त त्याची तेवढी ठेवली. देल्फीनो लहानपणापासून पालथा झोपायचा, आणि त्याच्या छातीपोटाचा खळगा गादीत तसाच होता. वरची चादरसुद्धा ती हलक्या हाताने झटकायची.

मी तेव्हा विमानांच्या कारखान्यात सरस लावायच्या कामावर होते. जर्मन येऊन आमच्या उरावर बसले होते, आणि त्यांच्या देखरेखीखाली एक लाकडी विमान तयार होत होतं, उंचावरून सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकणारं. त्याच्या फळ्या दुधापासून केलेल्या सरसाने चिकटवायच्या. गावातल्या पोरांना थेंबभर दूध मिळेना आणि विमान बादल्याच्या बादल्या पीत होतं. हे आम्ही बायका बोलायचो, पण जर्मन पलीकडे गेल्यावर.

आमचा मुकादम ब्रुसा एके दिवशी एर्सिलियाकडे आला. वैमानिकासाठी गादी हवी, अरुंद आणि घट्ट, एवढंच त्याने सांगितलं. कारखान्याने घोड्याचे केस आणि चिंध्या दिल्या. तिने आयुष्यभर केली तशीच, उताणं झोपणाऱ्याची गादी केली: खांदे आणि कंबर जरा रुतावी अशी, डोक्याकडे उंच. ती गादी विमानाशेजारी ठेवली तेव्हा सगळे खो खो हसले. कारण या विमानात वैमानिक बसणारच नव्हता. तो पालथा झोपून विमान चालवणार होता. सूर मारून विमान वर उचलताना बसलेल्या माणसाच्या डोक्यातलं रक्त खाली उतरतं आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. पालथं पडलं तर ते टळतं, असं इंजिनियर म्हणत होते.

"आधी सांगायला काय झालं होतं?" एर्सिलियाने विचारलं.

"गुप्त काम आहे, बाई."

"मग गादी कशाला मागितलीत? तीही गुप्तच ठेवायची."

कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून असं काही निघालं होतं. आम्ही हसलो, ती हसली नाही.

माप घ्यायला वैमानिक बाकावर पालथा झोपला. बेर्गामोकडचा पोरगा होता, बुटकासा. एर्सिलियाने खांद्यांचं माप घेतलं, मग छातीखाली हात सरकवला आणि तिथेच ठेवला. मान अवघडते का, असं तिने त्याला विचारलं.

"अवघडणारच की, सिन्योरा," तो म्हणाला. "असं झोपतं तरी कोण?"

तिने फीत गुंडाळली आणि घरी निघाली.

संध्याकाळी अंगणात आले तर तिने देल्फीनोची गादी उसवायला घेतली होती.

"मावशी, हे काय करताय?"

"चिंध्यांवर पोराच्या फासळ्या मोडतील," ती म्हणाली. "आणि ही नुसती पडून आहे. कुणीतरी झोपू दे."

तिने लोकर झोडली नाही की पिंजली नाही. थर हातांवर उचलून, झोपलेलं तान्हं हलवावं तसे, जसेच्या तसे नव्या खोळीत सरकवले. ब्रुसाला बजावून सांगितलं, की लोकर उसनी आहे, काम झालं की परत हवी. त्याने शब्द दिला.

त्या हिवाळ्यात विमान उडालं. गावाजवळच्या तळ्यावर जाऊन एकदम नाक खाली करायचं, आणि त्या आवाजाने आमच्या खिडक्या थरथरायच्या. एर्सिलिया दारात उभी राहून बघायची. विमान धावपट्टीवर टेकलं, की "उतरलं" म्हणायची आणि आत जायची. चुलीवरचं भांडं उतरलं म्हणावं तशा सुरात.

पुढे वैमानिक कुरकुरायला लागला. मागे वळून बघता येत नाही, उतरताना हनुवटी आपटते. जर्मनांनाही त्यात रस राहिला नाही. दुसरं विमान झालंच नाही. हे एकच शेडच्या कोपऱ्यात ढकलून ठेवलं. "एवढं दूध पाजलं आणि एकुलतं ते पण वाया गेलं," माझ्या शेजारची अंगणात एर्सिलियादेखत बोलून गेली, आणि मी तिला कोपराने ढोसलं.

ब्रुसा शब्दाला जागला. बर्फ वितळायला लागल्यावर त्याने गादी सायकलला बांधून आणली. एर्सिलियाने ती अंगणात सर्वांसमोर उसवली. लोकरीला पेट्रोलचा वास येत होता. मधे खळगा होता, पण आखूड, त्या बुटक्या पोराचा. तिने हात कोपरापर्यंत आत घातला आणि बराच वेळ चाचपत राहिली. मग हात बाहेर काढला.

"गेला," ती म्हणाली.

मी आणलेल्या काठ्या तिने बाजूला सारल्या. लोकर वेताच्या टोपलीत भरली आणि ओढ्याच्या वाटेकडे वळली. अंगणातल्या बायका जागच्या जागी थांबल्या. ब्रुसा तेवढा गोंधळला.

"अहो बाई, धुताय कशाला? तो वैमानिक जिवंत आहे. काल माझ्यासमोर बसून जेवला."

"माहीत आहे," एर्सिलिया म्हणाली. "त्याची नाही ही लोकर."

ब्रुसाने टोपी काढली. मी टोपलीचा दुसरा कान धरला.

ओढ्याला बर्फाचं पाणी आलं होतं. ती लोकर खाली दाबायची, लोकर वर यायची, ती पुन्हा दाबायची. तिचे हात मनगटापर्यंत लालभडक झाले. मला राहवेना. म्हटलं, मावशी, थोडा वेळ मी करते, हात बधिर झाले असतील.

"नाही गं," ती म्हणाली. "आता दुखतायत."