चांगल्या वागणुकीच्या दाखल्यासाठी कुवेतला

लोक कुवेतला पैसे मिळवायला जातात. मी गेले ते ‘ही बाई चोर नाही’ एवढं लिहून आणायला. तेही स्वखर्चाने आणि ऐन ऑगस्टमध्ये, जेव्हा कुवेतमधली शहाणी माणसं कुवेतमध्ये नसतात.

झालं असं की, पुढचं वर्ष न्यूझीलंडमध्ये सफरचंदं खुडत आणि डोंगर बघत घालवायचं असा माझा बेत आहे. त्यासाठी वर्किंग हॉलिडे व्हिसा लागतो आणि तो छत्तिसावा वाढदिवस उजाडेपर्यंतच मिळतो. माझा उजाडायला तेव्हा नऊ आठवडे उरले होते. आईच्या मते हे वय गुडघे सांभाळायचं आहे, सफरचंदं खुडायचं नाही.

त्यात मी पडले दोन देशांची नागरिक. माझा जन्म कॅनडातला आणि आईचा ब्रिटनमधला, म्हणून दोन्ही पासपोर्ट आयते मिळाले. वाढले पुण्यात. लोकांना वाटतं, काय मजा आहे हिची! मजा अशी आहे की, अशा माणसाला दोन्ही देशांच्या पोलिसांचे दाखले आणावे लागतात. कॅनडा मी दुसऱ्या वर्षी सोडला. रांगता रांगता काही दरोडा घातला असेल तर तो तपासायला हवाच. ब्रिटनमध्ये आयुष्यात एकूण अकरा दिवस काढलेत, त्यातले सहा सर्दीत. ते दोन दाखले आणि पुण्याचा तिसरा घरबसल्या जमले. राहिला कुवेतचा, कारण तिथे मी सहा वर्षं नोकरी केली होती.

कुवेतचा दाखला लांबूनही काढता येतो. फक्त तिथल्या कुणाच्या तरी नावाने अधिकारपत्र द्यावं लागतं. आणि कुवेतमध्ये माझं म्हणावं असं एकच माणूस आहे, माझा काका. त्याच्याशी मी पाच वर्षं बोलले नव्हते.

कुवेतच्या राई भागात फरशा आणि नळांची एक मोठी शोरूम आहे. काका तिथे मॅनेजर आणि त्याच्याच शब्दावर मला तिथे ऑफिसात घेतलं होतं. सहा वर्षांनी मी महिन्याच्या रजेवर पुण्याला आले आणि परत गेलेच नाही. काकाला फोनवर दोन मिनिटांत सांगून टाकलं. तो म्हणाला, “कंपनी तुझ्यावर तगय्युब टाकेल, मग बघ.” तगय्युब म्हणजे कामगार पळून गेल्याची सरकारदरबारी तक्रार. मी फोन आपटला. कंपनी म्हणजे शेवटी काकाच, तेव्हा टाकणार तोच, हे मी त्या क्षणी ठरवून टाकलं. म्हणून आता एका फोनऐवजी मी विमानाचं तिकीट काढलं. स्वाभिमान स्वस्तात मिळत नाही.

प्रवाशांसाठी सूचना: पर्यटक व्हिसा ऑनलाइन मिळतो. मी तो ब्रिटिश पासपोर्टवर काढला. कुवेतमध्ये नोकरी केली होती कॅनडाच्या पासपोर्टवर, त्यामुळे तक्रार असलीच तर ती त्या कॅनडावाल्या बाईवर असेल, हा माझा हिशेब. विमानतळावर दहाही बोटांचे ठसे घेतले तेव्हा या हिशेबाला घाम फुटला. पण शिक्का बसला. मिरकाबमधल्या एका जुन्या लॉजमध्ये बॅग टाकली, खालच्या मलबारी हॉटेलात पराठा आणि दाट दुधाचा करक चहा घेतला आणि एसीखाली आडवी झाले. बाहेर पारा पन्नाशीला टेकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहऱ्याची बस पकडली. सुटे फिल्स जवळ ठेवा, ड्रायव्हर मोड देताना उपकार केल्यासारखं बघतो. जहऱ्याला हनीफभाईंचं टायपिंग सेंटर आहे. हनीफभाई मूळचे दापोलीकडचे. आधी आमच्याच कंपनीचे मंदूब होते, म्हणजे सरकारी ऑफिसांत खेटे घालणारा कंपनीचा माणूस. कुवेत चालतं ते तेलावर नाही, मंदूबांवर. काकाला सांगायचं नाही, या अटीवर मी त्यांना फोन केला होता. अधिकारपत्र त्यांच्याच नावाने देता आलं असतं, हे मला विमानात बसल्यावर सुचलं.

“अगो, पन काकाक भेटनार हायस ना?” अर्ज अरबीत टाइप करता करता त्यांनी विचारलं.

“आधी दाखला मिळू दे.”

“दाखल्याक काय झालाय? तो मिळल.” आणि त्यांनी अर्ज प्रिंटरला लावला.

ठसे घेणाऱ्या ऑफिसात बायकांची खोली वेगळी. टेबलामागच्या बाईंनी माझे दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. कुवेती माणसाला दुसरं नागरिकत्व ठेवता येत नाही, सापडलं तर आहे तेही जातं. त्यामुळे त्यांच्यासमोर दोन-दोन पासपोर्ट मांडून बसताना, उपवासाच्या दिवशी कुणापुढे मटणाचं ताट घेऊन बसावं तसं वाटत होतं.

“ये कॅनडा. ये ब्रिटिश,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. “शकल हिंदी.”

“जी.”

“तीन मुल्क, एक औरत!” त्या शेजारणीकडे बघून हसल्या आणि मशीनवर माझी बोटं दाबली. स्क्रीनवर माझा पाच वर्षांपूर्वीचा फोटो उमटला. बोटांना पासपोर्टचा रंग कळत नाही, हे मला पुण्यातच सुचायला हरकत नव्हती. बाईंचं हसू थांबलं. “इधर तगय्युब है.”

न्यूझीलंड गेलंच, पण आता इथूनच हाकलतात की काय, असं वाटलं. काकाला मनात जे काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

बाईंनी खाली सरकवलं, वाचलं. “खलास. कंपनीने वापस लिया. इकामा कॅन्सल, सब साफ. बुकरा आओ.” इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना आणि बुकरा म्हणजे उद्या. तो बुकरा चक्क दुसऱ्या दिवशीच उगवला, हे या सहलीतलं एकमेव प्रेक्षणीय स्थळ.

दाखला हातात आल्यावर मी हनीफभाईंना विचारलं, “तक्रार टाकायची आणि मागे घ्यायची, काकाला एवढा उद्योग कशाला हवा होता?”

त्यांनी चष्मा काढला. “केस काकानं नाय टाकलीन. शेटनं टाकलीन. कोन रजेवरनं आला नाय का टाकतात, तशी रीतच हाय. तुजा काका रोज दुपारी माज्यासंगती यायचा जहऱ्याक, लेबर हापिसात. शेट आयकत नव्हता. मग काकानं लिवून दिलान, का मीच पोरीक सांगितला येव नको म्हनून. तवा केस मागं घेतलीन. काकाक वॉर्निंगचा कागद मिळाला. सव्वीस वर्सांत पैला.”

“मला का नाही सांगितलं?”

“तू फोन उचलतेस काय?”

नव्हते उचलत. सोळा मिस्ड कॉल होते तेव्हा, मी मोजून खूश झाले होते. टायपिंग सेंटरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मला रडू आलं, आणि हनीफभाईंनी शांतपणे एसीचं तोंड माझ्याकडे वळवलं.

त्याच दुपारी टॅक्सीने राईला गेले. गॅरेजांच्या रांगेनंतर ती शोरूम. काका नळांच्या मागे उभा होता, केस पूर्ण पांढरे झालेले. मला बघून त्याने हातातला नळ जागेवर ठेवला.

“आलीस? जेवलीस?”

“काका, मला माहीत नव्हतं.”

“दाखला दाखव.” त्याने तो उजेडात धरून वाचला. “शिक्का फिका आलाय. परराष्ट्र खात्यातून अटेस्ट करून घे आणि दोन्ही पासपोर्टांची झेरॉक्स जोड, नाहीतर अर्ज परत येतो.” मग डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. भेंडीची भाजी होती, थोडी खारट. तेवढ्यात त्याला गिऱ्हाईक आलं. मी माफी मागायचं ठरवून गेले होते, ती तशीच राहिली.

आता पुण्यात आहे. मागच्या आठवड्यात व्हिसाचा अर्ज भरायला बसले. एक प्रश्न आहे: कुठल्याही देशात तुमच्याविरुद्ध कधी तक्रार झाली होती का? दाखला कोरा आहे. ‘नाही’वर बोट ठेवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. मी काकाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

“खरं ते लिही,” तो म्हणाला. “हो लिही. कारणात माझं नाव घाल. मी थांबवलं होतं म्हणून. तसा कागद आहे कंपनीत.”

मी ‘हो’ केलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं की, मला कुणी थांबवलं नव्हतं, मी स्वतःच परत गेले नाही, आणि माझ्या काकाने ते स्वतःच्या अंगावर घेतलं. मग अर्ज पाठवून दिला. वाढदिवसाला चार आठवडे आहेत आणि उत्तर अजून आलेलं नाही. काका मात्र रोज दुपारी फोन करून विचारतो, आलं का. मी उचलते.