शब्द टाकल्यानंतर

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला का या शंकेनं एसटी स्टँडवरून घरी परत आलेली बाई आहे मी, आणि एकदा नव्हे. नवरा महाडच्या कोर्टात वकिली करतो. तो म्हणतो, "तू वकील झाली असतीस तर आरोपी राहिला असता बाजूला आणि गुन्हा तूच कबूल करून मोकळी झाली असतीस." त्याला सगळ्याची गंमत वाटते.

मी टीव्हीवरच्या रोजच्या मालिकेचे संवाद लिहिते. महाडला घरी बसून लिहायचं आणि मेल करून मुंबईला पाठवायचं. बरं लिहिते. फार बरं नाही, बरं. या धंद्यात मी शिरले ती नवऱ्याच्या मावसभावामुळे. तो एका चॅनलच्या अकाउंट्समध्ये होता, त्यानं कुणाला तरी सांगितलं, त्या कुणीतरी आणखी कुणाला, आणि एक दिवस मला फोन आला. तुम्ही काय लिहिलंय हे तेव्हाही कुणी विचारलं नाही. "तुम्ही कोणाकडून?" एवढंच विचारलं. सगळे असेच येतात. जे कोणाकडूनच येत नाहीत ते ऑफिसच्या सोफ्यावर बसून पाणी पितात आणि परत जातात.

आणि आमच्यात एक रीत आहे. तुम्ही ज्याच्यासाठी शब्द टाकता ते तुमचं माणूस होतं. त्यानं एपिसोड उशिरा दिला की फोन तुम्हाला येतो. ते मीटिंगमध्ये वाकडं बोललं की तोंड तुमचं पाहिलं जातं. लग्न जुळवणाऱ्यासारखी गत होते, दोन्हीकडचे वर्षानुवर्षं तुम्हालाच धरतात. आमच्या आधीच्या एका लेखिकेनं आपल्या मैत्रिणीला आणलं. मैत्रीण ऐन वेळी गायब झाली. पुढच्या मालिकेत त्या मैत्रिणीला काम मिळालं, लेखिकेला मात्र कुणी बोलावलं नाही. म्हणून शहाणी माणसं शब्द टाकतच नाहीत. "बघते, सुचलं कोणी तर सांगते," म्हणतात आणि विसरतात.

मीही तेच करत आले होते. पण त्या दुपारी मालिकेच्या क्रिएटिव्ह हेडचा फोन आला. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही म्हणते. ते म्हणाले, "संवादाला आणखी एक जण लागणार. तुमच्या भरवशाचं कोणी आहे?" आणि माझ्या तोंडून माझ्या एका जुन्या मैत्रिणीचं नाव निघून गेलं. "लिहायला माझ्यापेक्षा चांगली आहे," असंही मी म्हटलं. फोन ठेवला आणि आपण शब्द टाकून बसलो हे लक्षात आलं.

ही मैत्रीण पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतली. मुंबईत सुरुवातीला, घरून लिहायची सोय नव्हती तेव्हा, आम्ही एका खोलीत राहायचो. मला मावसदीर होता, तिला कोणी नव्हतं. तिला एका मोठ्या लेखकानं हाताखाली घेतलं. म्हणजे लिहायचं हिनं आणि पडद्यावर नाव त्याचं. अशा माणसाला आमच्यात घोस्ट म्हणतात. दहा-बारा वर्षं तिनं त्याच्यासाठी लिहिलं, तो आजारी असला की त्याच्या मित्रांसाठीही लिहिलं. कोणाचीही लिहायची ढब ती हुबेहूब उचलायची. वाचणाऱ्याला शंकासुद्धा यायची नाही. मग आई अंथरुणाला खिळली म्हणून ती वाडीवर परत आली. आता पोलादपूरच्या स्टँडजवळ एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. तिचं नाव पडद्यावर एकदाही आलेलं नाही.

मी एसटीनं पोलादपूरला जाऊन तिला सांगितलं. दुकानात गर्दी होती. तिनं कीबोर्डवरून हात काढले आणि माझ्याकडे बघत राहिली.

"माझा नाव दिलास? तुला येड लागलाय काय गो?"

"का? तू लिहू शकत नाहीस?"

"मी चुकलू तर मी हितंच हाय, या दुकानात. तुझा काय?"

तिला धंदा माहीत होता. मी उसनं हसून म्हटलं, "माझं बघू."

सरांनी तिला नमुन्याचा एक सीन लिहायला सांगितला. तो तिनं थेट त्यांनाच पाठवावा असं मी बजावलं. मला दाखवलास तर मी हात घालीन, म्हटलं. इतकी मी शहाणपणानं वागले होते.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला. आवाज वेगळाच. एरवी ते आधी जेवलात का विचारतात.

"हा काय प्रकार आहे?"

"कसला सर?"

"हा सीन तुम्ही लिहिलाय."

आमच्या धंद्यात एक चलाखी चालते. एकच माणूस स्वतः एका नावानं लिहितो, आणि बहिणीचं नाहीतर बायकोचं नाव पुढे करून दुसरी जागाही अडवतो. पकडला गेला की तो कायमचा बाहेर. एका ऑफिसातून नव्हे, सगळ्याच. कारण ऑफिसं वेगळी असली तरी चहा पिणारी माणसं तीच असतात. सरांना वाटलं होतं की मी ते केलं.

त्यांनी सीन मला पाठवला. मी वाचला. सीन माझाच होता. माझ्या सीनमध्ये सून बोलायच्या आधी पदराचं टोक बोटाला गुंडाळते, ते होतं. "तुमच्याशिवाय या घराला घरपण नाही," हे वाक्य मी महिन्यातून दोनदा तरी लिहिते, ते होतं. वाक्य अर्धवट सोडून तीन टिंबं द्यायची माझी खोड, तीही होती. मलाच विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की हे मी लिहिलंय, कधी ते आठवत नाही.

मी तिला फोन केला. ओरडलेच. "हे काय करून ठेवलंस?"

"तुझी सिरीयल हाय. तुझ्यासारखा लिवला तर तुझ्या नावाला धक्का नाय लागनार, असा वाटला."

"अगं पण तुझं लिहायचं होतंस ना!"

पलीकडे तिनं दुकानातल्या कुणाला तरी थांबायला सांगितलं. मग ती म्हणाली, "माझा कसा असतंय ता मलाच ठाव नाय गो."

तोवर मी माझ्यासाठी घाबरले होते. ते ऐकल्यावर तिच्यासाठीही घाबरले, आणि त्यानं आधीची भीती कमी झाली असं मुळीच नाही.

सरांना पुन्हा फोन करून मी किती शपथा घेतल्या ते सांगत नाही. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या महाडजवळ, सव गावी, गरम पाण्याची कुंडं बघायला आम्ही येतोच आहोत, गावाकडचा ट्रॅक तिथे शूट करायचा विचार आहे. तुमच्या घरी येतो. त्या बाईंना बोलवा. माझ्यासमोर बसून लिहू देत." आणि मग अगदी सभ्यपणे म्हणाले, "नाहीतर आपण इथंच थांबू." आपण म्हणजे मीसुद्धा, हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही.

ते यायच्या दिवशी मी पहाटेपासून स्वयंपाकाला लागले. वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, आमटी-भात, कुर्डया. भीती वाटली की मी रांधते. नवरा कोर्टात जाताना म्हणाला, "साक्षीदाराला फार खायला घातलंस तर संशय येतो." मी त्याला टिफिन दिला नाही.

मैत्रीण सकाळच्या गाडीनं आली. लग्नाला नेसतात तशी साडी नेसून आली होती, आणि हातरुमालाचा पार चोळामोळा करून टाकला होता. मी तिला चहा दिला. काय बोलणार? धीर द्यायला धीर लागतो.

सर आले, पाणी प्याले, घर छान आहे म्हणाले. मग दोघींचे मोबाइल घेऊन फ्रिजवर ठेवले. जेवणाच्या टेबलाशी तिला बसवलं, कोरे कागद दिले आणि प्रसंग सांगितला. मोठी जाऊ माहेरी निघालीय, ती परत येणार नाही. हे घरात फक्त धाकटीला माहीत आहे. दोघी स्वयंपाकघरात आहेत. लिहा.

तिनं पेन घेतलं. मी ओट्याशी उभी होते. ती लिहीना. माझ्याकडे बघायची, कागदाकडे बघायची, एक ओळ लिहायची आणि खोडायची. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की भांड्यांच्या मांडणीला हात टेकवायची मला भीती वाटली, वाजेल म्हणून.

मग ती एकदम म्हणाली, "हिला भायेर जायला सांगा. ही समोर असली की हिचाच येतंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्याच घरातून चपला घालून बाहेर पडले.

चवदार तळ्यापाशी गेले आणि पायऱ्यांवर बसले. कॉलेजातल्या मुली फोटो काढत होत्या, एक आजोबा पिशवीतून शेंगा काढून खात होते, आणि मी मनात एकेक नाव मोजत होते. सरांनी कोणाकोणाला सांगितलं की माझं काम कुठून कुठून जाईल. मग वाटलं, तिनं पुन्हा माझंच लिहिलं तर? दहा-बारा वर्षं ज्या हाताला दुसऱ्याचं लिहायची सवय लागलीय, तो एका दुपारी कसा बदलेल? आणि कोरा कागद ठेवून ती उठली तर ती परत कधी पेन धरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. फॉर्म भरत बसेल. आणि त्याला कारण मी. मी शब्द टाकला नसता तर निदान आपण लिहू शकतो असं तिला वाटत तरी राहिलं असतं. ही भीती सगळ्यात वाईट होती. माझा मोबाइल फ्रिजवरच होता, मला बोलवायचं कसं हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. शेवटी राहवेना म्हणून मीच उठले.

दार उघडंच होतं. सर वाचत होते. ती खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होती, पाठ माझ्याकडे. मी आत पाऊल टाकलं तरी कुणी वळलं नाही. सरांचं वाचून झालं, त्यांनी कागद उलटे करून पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग माझ्यापुढे सरकवले.

त्या सीनमध्ये कोणी रडत नाही. मोठी जाऊ धाकटीला सांगत असते, की डावी शेगडी नीट पेटत नाही, दूधवाल्याला मंगळवारी जास्तीचं सांगायचं, मामंजींच्या चहात साखर आहे असं म्हणायचं पण घालायची नाही. सांगता सांगता ती आमटीत मीठ घालायला हात पुढे करते. धाकटी तिचा हात धरते आणि म्हणते, "ताई, मीठ मला घालू द्या. उद्यापासून चुकायला नको." मोठी डबा तिच्या हातात देते. संपला सीन. जाणं, निरोप, घरपण, एकही शब्द नाही.

मला रडू आलं, आणि ते लपवायचं भानही राहिलं नाही.

आम्ही जेवायला बसलो. सर भाकरी मोडत माझ्याकडे बघून म्हणाले, "माझी शंका फिटली. सॉरी म्हणतो. हा सीन तुम्ही लिहिलेला असणं शक्यच नाही." त्यांना ते चांगलंच बोलायचं होतं. मला सोडवत होते ते. "इतकी वर्षं तुमचं वाचतोय, मला कळतं. पुढच्या आठवड्यापासून या लिहितील. नाव पहिल्या एपिसोडपासून येईल."

सुटल्याचा आनंद एवढा मोठा होता की ते काय म्हणाले ते कळायला मला बिरडं वाढून होईपर्यंत वेळ लागला. मैत्रिणीला लगेच कळलं होतं. तिचा चेहरा लाल झाला, घास हातात तसाच राहिला. "असा नाय सर, ही पन..." असं म्हणून ती माझी बाजू घ्यायला निघाली. ती माझं कौतुक करणार, हिलाही असं लिहिता येतं म्हणणार, आणि मग सरांच्या डोक्यात ती शंका पुन्हा येणार. मी टेबलाखालून तिचा गुडघा जोरात दाबला.

"नाही सर," मी म्हटलं, "मला नसतं जमलं." आणि त्यांच्या पानात भात वाढला.