मोठ्या मायची डावी पात

कापसाशी, वाऱ्याशी आणि एसटीच्या ड्रायव्हरशी एकाच दमात भांडू शकेल अशी बाई अख्ख्या पाथरी तालुक्यात एकच. ती आमची मोठी माय, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली भावजय. न उमललेलं बोंड दिसलं की ती त्याला झोपाळू म्हणायची. वारा सुटला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. एसटीला उशीर झाला तर बांधावरूनच ड्रायव्हरला विचारायची, "सासरवाडीला जेवायला थांबला व्हतास का रं?" आणि त्या एसटीत तिला कधीच चढायचं नसायचं. शाळेला मी जायची.

दिवाळीनंतर कापूस फुटला की आमच्या वर्गातले निम्मे बाक रिकामे पडायचे. मी दहावीत गेले त्या वर्षी खाली पांढरं रान आणि वर भरून आलेलं आभाळ, असं एकदमच जमून आलं. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, वेचणी उरकेपर्यंत शाळा राहू दे, चार दिवसांनी काय बिघडतंय. माणूस वाईट नव्हता, कापूस भिजेल म्हणून घाबरला होता. मोठ्या मायनं वेचलेला कापूस टाकायचं ओटीचं फडकं कमरेला आवळलं.

"भावजी, माझी पोरगी बी चारच दिवस थांबली व्हती. सातवीत."

दादांनी माझी शाळा चालू ठेवली. ती माझी चुलतबहीण पुन्हा शाळेत गेलीच नाही. लग्न होऊन चारठाण्याकडं गेली.

आमच्याकडं ज्यानं त्यानं आपली पात, म्हणजे आपली ओळ, धरायची आणि शेवटापर्यंत न्यायची. मध्येच सोडली तर तो अंगचोर. मोठ्या मायनं यावर तोड काढली. दोन ओळींच्या मधून चालत ती उजव्या हातानं स्वतःची पात वेचायची आणि डाव्या हातानं माझी. या घाईत ओटीत कापसापेक्षा काडीकचराच जास्त. दादांनी एकदा फडकं उलटून विचारलं, वहिनी, हे वेचलंय का झाडलंय? ती म्हणाली, "डाव्या हाताला बोला. उजव्याचा काय गुन्हा न्हाई."

हे फुकट नव्हतं. संध्याकाळी ती भाकरी थापायची आणि मी दिवसभराचं शिकलेलं सांगायची. झाडं उन्हावर आपलं अन्न तयार करतात, हे तिला मुळीच पटलं नाही. "मंग आपण शेणखत कशाला टाकायलोत? इचारून ये तुझ्या सरला." मी खरंच विचारायची. पुढं पुढं सर नवा धडा काढतानाच म्हणायचे, हे तुझ्या मोठ्या मायला पटेल ना?

मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. यंदा सुट्टीत वेचणीला गेले तर मोठी माय दोन ओळींच्या मधूनच चालत होती. कंबर वाकलेली, बोंडांशी भांडणही हळू आवाजात. मी शेजारी असूनही तिचा डावा हात माझ्या ओळीत यायचाच.

मी म्हणाले, "मोठी माय, तू जा आता. तुझी पात मी धरते."

"अन् मी कुठं जाऊ? शाळंला?"

हसली आणि पुन्हा वेचू लागली. वळणावर मला शाळेला न्यायची ती एसटी आली, चांगलीच उशिरा. तिनं मान वर करून पाहिलं. ड्रायव्हरला काही म्हणाली नाही.