मरायची परवानगी नसलेला हिरो

फोन वाजला की मी धसकते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. घंटी ऐकली की आधी मनातल्या मनात कुणाचं तरी बरंवाईट होऊन जातं आणि मग मी तो उचलते. त्या रविवारी मात्र मी गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात उभी होते, कुकरच्या झाकणावरून दुकानदाराशी माझी हुज्जत चांगली रंगात आली होती, आणि पर्समधला फोन मी अगदी बेफिकीरपणे काढला. ज्योतीचा होता. ज्योती म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, मिलिंदची बायको. "ताई, हे बोलूनच नाही राहिले... तुमी लवकर या," एवढंच ती म्हणाली. जन्मभर ज्या फोनला भीत आले तो आला तेव्हा मी नेमकी भ्यालेली नव्हते. रिक्षात बसल्यावर भीती आली, ती अजून गेलेली नाही. मिलिंद जेवून आडवा झाला होता, तो झोपेतच गेला. पंचेचाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने.

आम्हा दोघांत भीतीची वाटणी फार अन्यायाने झाली होती. सगळी माझ्या वाट्याला. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो, आणि मिलिंद तिथल्या पाण्याच्या टाकीवर चढायचा. मी खाली त्याच्या चपला हातात धरून रडायची. तो वरून ओरडायचा, "भित्री भागूबाई!" अंधार, कुत्री, गणिताचे मास्तर, पाल, परीक्षेचा निकाल... मी कशाकशाला घाबरायची त्याची तो पाहुण्यांसमोर नक्कल करून दाखवी आणि टाळ्या घेई. मला राग येई, पण त्याच्या मागे चालताना बरंही वाटे. रस्त्यात कुत्रं दिसलं की मी त्याच्या पाठीशी जाई, तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान असूनसुद्धा. आयुष्यभर घाबरलेल्या माणसाला एक गोष्ट मात्र जमते. दुसऱ्याची भीती त्याला लगेच कळते. मिलिंदमध्ये ती मला कधी दिसली नव्हती, म्हणून जेव्हा दिसली तेव्हा मी हादरले.

तो शिकला, गावाबाहेर उरल्याच्या कारखान्यांच्या भागात एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कॉम्प्युटरच्या कामाला लागला, आणि एक दिवस ती नोकरी सोडून त्याने मोबाईलवरचे खेळ बनवायला घेतले. बाबांनी महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं. मिलिंदने चौबे कॉलनीत एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला, चारपाच तरुण मुलंमुली जमवली. त्यातली पूर्णिमा हा त्याचा उजवा हात. चित्रं ती काढायची, शिव्या तीच खायची. मुलांसाठी पाढ्यांचे खेळ, शब्दांचे खेळ असं त्यांचं बरं चाललं होतं. मग एका सिनेमाचं काम आलं. मारधाडीचा मोठा सिनेमा होता आणि त्याचा हिरो आमच्याकडच्या पोरांचा लाडका 'भैया'. सिनेमाचं नाव, हिरोचा चेहरा वापरून खेळ बनवायचा, त्याचा रीतसर करार. मात्र प्रत्येक गोष्ट सिनेमावाल्यांनी मंजूर करायची. करारात एक अट होती. खेळात हिरो मरता कामा नये. त्याने डोंगरावरून उडी मारली, त्याला गोळ्या लागल्या, काहीही झालं तरी भैया मरताना दिसायचा नाही. मिलिंद मला सांगताना पोट धरून हसला होता. "ताई, याले मराची परवानगीच नाही. आता खेळणारा हरन कसा?"

मग सिनेमाची तारीख अलीकडे आली. दुसरा कुठला तरी सिनेमा पुढे गेला, सणाची सुट्टी रिकामी झाली, आणि सिनेमावाल्यांनी ती पकडली. खेळही त्याच शुक्रवारी यायला हवा होता. जे काम सावकाश, महिन्यामहिन्यांनी व्हायचं ते आता आठवड्यांत कोंबायचं. शाळेत शिकवून परतताना मी कधी तिथे डोकावायची तर मुलं खुर्चीतच मान टाकून झोपलेली असायची, आणि मिलिंद फोनवर "हव सर, हो जाएगा सर" म्हणत येरझारा घालत असायचा. सिनेमावाल्यांचं सगळं लक्ष हिरोच्या मिशीवर. मिशी पाठवली की परत येई. पीळ कमी आहे, रंग फिका आहे, भैयांना आवडली नाही. पूर्णिमा बिचारी मिशीवर दिवस घालवायची. शेवटी मिशीचा केसन् केस मंजूर झाला. पायाखालची जमीन तपासायला मात्र कुणाला वेळ राहिला नाही.

मी या विषयातली अडाणी, तरी मिलिंदने मला समजावून सांगितलेलं नीट आठवतं. अशा खेळात माणूस खड्ड्यात पडला की मरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ते मरणं म्हणजेच त्या खड्ड्याचा तळ. अटीमुळे यांनी खेळातलं मरण जिथे जिथे होतं तिथून काढून टाकलं. एका पुलाजवळ जमिनीत फट राहून गेली होती. ती कुठे आहे हे ऑफिसातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे खेळून पाहताना प्रत्येकाचं बोट आपोआप तिथे उडी मारून पुढे जाई. आज बुजवू, उद्या बुजवू म्हणता म्हणता शुक्रवार उजाडला. आणि गावोगावची पोरं त्या फटीत पडली. पडली ती पडतच राहिली... कारण खाली तळ नव्हता, आणि मरण तर काढूनच टाकलं होतं.

मी माझ्या फोनवर ते पाहिलं. भैया खाली खाली चालला आहे, शर्ट फडफडतो आहे, भोवती नुसतं करडं आभाळ, आणि चेहऱ्यावर ते मंजूर झालेलं हसू. मी बराच वेळ पाहत राहिले. कुठे तरी थांबेल असं वाटत राहतं. थांबत नाही. शेवटी मी फोनच बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच दिवा लावला, भर दुपारी. लोकांनी खेळाला धुऊन काढलं. पैसे खाल्ले, घाईघाईत कचरा विकला, काय काय लिहिलं. कुणी त्या पडण्याचा व्हिडिओ करून खाली हसण्याचे आवाज जोडले, तो सगळीकडे फिरला. एका आईने लिहिलं होतं, माझा मुलगा रडतो आहे, भैया वर कधी येणार विचारतो आहे. मिलिंदने मला फक्त तेवढंच वाचून दाखवलं. वाचताना त्याने खालचा ओठ दातात धरला होता. मी ते पाहिलं आणि लगेच ओळखलं. मी स्वतः तस्सा ओठ धरते.

मग भैयाच्या चाहत्यांचे फोन सुरू झाले. ऑफिस कहाँ है हमको मालूम है, असे. मिलिंदने मुलांना घरी पाठवलं आणि स्वतः एकटा तिथे बसू लागला, दार सताड उघडं टाकून. बंद दाराआड बसवत नाही म्हणाला. एका दुपारी मी डबा घेऊन गेले. आम्ही डबा उघडतो न उघडतो तोच खाली मोटरसायकली थांबल्या आणि पाचसहा जण जिना चढून आले. पंचवीसतिशीचे, चांगल्या कपड्यांतले. एकाच्या फोनच्या मागे भैयाचा फोटो. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला कमी भीती वाटली असती. फोटोवाल्याने मिलिंदच्या खांद्यावर हात टाकला, जुना दोस्त टाकतो तसा, आणि त्याला बाल्कनीत नेलं. कठड्याला टेकवून म्हणाला, "देखो भैया, कितना नीचे है. हमारे भैया को कितना नीचे गिराया आपने?" बाकीच्यांपैकी एक जण फोन धरून चित्रण करत होता.

मी जाऊन मिलिंदचा शर्ट मागून धरला. त्यांनी त्याला हात जोडायला लावले, माफी म्हणायला लावली, आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा म्हणायला लावली. मिलिंदने म्हटलं. मी त्याचा शर्ट मुठीत आणखी घट्ट धरला. माफीचं चित्रण झाल्यावर ते लोक गेले, जाताना एकाने मला "नमस्ते दीदी" केलं. मोटरसायकलींचा आवाज गेला तरी मी शर्ट सोडला नव्हता. मिलिंद तसाच कठड्याकडे तोंड करून म्हणाला, "ताई, मले भेव लागून राहिलं." आणि मग, "तू रोजच्या रोज कशी जगतं वं?"

चाळिशीच्या माणसाला घाबरायचं कसं हे शिकवायची पाळी माझ्यावर आली. मी त्याला सांगितलं, भीती जात नाही, तिच्या मागे लागू नको. कुणाजवळ तरी बोलून टाक, म्हणजे ती तेवढ्यापुरती लहान होते. त्यानंतर तो रोज सकाळी ऑफिसला पोचला की मला फोन करायचा आणि आज कशाची धास्ती आहे ते सांगायचा. माझ्या आयुष्यात तो एकच फोन होता ज्याची मी वाट पाहायची. कुणी मोटरसायकलवरून मागे येतं आहे असं वाटलं. पूर्णिमा सोडून जाईल. त्याच्या पोरीच्या शाळेत कुणी माफीचा तो व्हिडिओ दाखवेल. मी माझी भीती सांगायची, मग आम्ही दोघं हसायचो, आणि कामाला लागायचो. चाहते पुढे दुसऱ्या कशावर तरी चिडले, हे विसरून गेले. पूर्णिमा राहिली. पाढ्यांचे खेळ पुन्हा सुरू झाले. मला वाटलं, निभावलं. छातीत दुखतं याबद्दल तो एका शब्दाने बोलला नाही. ज्योतीला नंतर त्याच्या बॅगेत ॲसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं मिळाली, जवळजवळ संपलेली. मी डॉक्टरांना विचारलं, भीतीने हृदय असं बंद पडतं का? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. मला सांगता येतं. रोज सगळी भीती मला सांगणाऱ्या माझ्या भावाने एक भीती स्वतःजवळ ठेवली आणि तिनेच त्याला नेलं, या विचाराने मी आजही झोपेतून दचकून उठते.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी गेले, माणसं पांगली, तेव्हा पूर्णिमा माझ्याजवळ येऊन बसली. करार संपल्यामुळे तो खेळ केव्हाच सगळीकडून काढून टाकला होता, आता कुणालाच मिळत नाही. पण सर तो दुरुस्त करत होते, म्हणाली. रोज थोडा थोडा, कुणी सांगितलं नसताना, कुणाला देताही येणार नसताना. त्यांच्या मशीनवर सापडला. तिने तो माझ्या फोनवर चढवून दिला आणि पुलापर्यंत नेऊन दाखवला. फट त्याने बुजवली नव्हती. भैया तसाच पडला, तसंच करडं आभाळ, तसाच शर्ट फडफडला, मी डोळे मिटणार तेवढ्यात खाली माती दिसली. साधी, आमच्याकडची तांबूस माती. तो तिच्यावर हातापायांवर पडला, सरकून बसला आणि गुडघे पोटाशी घेतले. चेहऱ्यावर हसू नव्हतं. ओठ दातात धरलेला. तो चेहरा कुणीही मंजूर केला नसता. बसल्या बसल्या श्वासाने त्याचे खांदे वरखाली होत होते, बाकी काही नाही, खेळ तिथे थांबतो आणि वाट पाहतो.

"टच कीजिए दीदी," पूर्णिमा म्हणाली, "उठ जाएगा."

मी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. "राहू दे," म्हटलं, "बसू दे त्याले जरासा." तिला ते खरं वाटलं.

आता रोज सकाळी, त्याच्या फोनच्या वेळेला, मी तो खेळ उघडते. पुलापर्यंत मला नेता येतं. तो पडतो, माती येते, तो बसतो, खांदे हलत राहतात. मी आज कशाची धास्ती आहे ते त्याला सांगते. बोट मात्र अजून एकदाही लावलेलं नाही... लावलं आणि तो उठला नाही तर?