तीन तुकड्यांची सवय

अलकनंदाताईंना खुर्चीत नीट बसलेलं मी कधी पाहिलं नाही. एक पाय खाली, एक खुर्चीवर, बोटं कीबोर्डवर नाहीतर ओढणीशी. बाई पुण्याच्या. नवऱ्याला तिकडेच सोडून दिल्लीत आल्या, मुनिरक्यात खोली घेतली, फरीदाबादला, लोकांच्या याद्या नि हजेऱ्या छापून देणाऱ्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि साहेबांच्या टेबलावरचं एक जाडं पुस्तक वाचून पर्ल नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकल्या. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. जो तो क्लास लावत होता, यांनी दमडी दिली नाही. म्हणूनच आमचं जमायचं. मी तिथलाच हिशेबनीस, मलाही काम कुणी शिकवलं नव्हतं.

फरीदाबादच्या रेल्वेलाइनलगतची वस्ती उठणार होती. यादीत नाव असेल त्याला प्लॉट, नसेल त्याला बुलडोझर. यादी आम्ही छापून सरकारी खिडकीवर द्यायची, आणि खिडकी आज संध्याकाळी बंद होणार ती कायमची. कॉलेजच्या पोरांनी सर्व्हे टाइप केला, पण नाव आणि झुग्गीचा, म्हणजे झोपडीचा, नंबर यांच्यामध्ये एकाने स्वल्पविराम घातला, दुसऱ्याने अर्धविराम, तिसऱ्याने नुसती टॅबची कळ दाबली. ते बघून माझं डोकं फिरलं.

"ओरडू नका, सूर्यकांत," ताई म्हणाल्या. "एक पॅटर्न लिहायचा. स्वल्पविराम, अर्धविराम किंवा टॅब, आजूबाजूला मोकळी जागा कितीही असो. जिथे सापडेल तिथे कापायचं. स्प्लिट म्हणतात याला."

एकच ओळ टाइप केली आणि अख्खी वस्ती पडद्यावर सरळ रकान्यांत उभी राहिली. मग त्यांनी नावंही कापली, मोकळ्या जागेवर, तीन तुकड्यांत. प्रिंटर करकरला आणि लगेच गप्प झाला.

वस्तीतली ममता आमच्याबरोबर ऑफिसात आली होती. कंपनीच्या फाटकावर चहा विकायची. तिने कागद उचलले. "बस? इतनी सी बस्ती है हमारी?" टाइप करणाऱ्या पोराकडून आपलं नाव इंग्रजीत तिने चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं. ती चिठ्ठी प्रत्येक पानावर फिरवून म्हणाली, "भैयाजी, मैं तो हूँ ही नहीं."

मी खवळलो. "ताई, माणसं कुठे गिळली तुमच्या मशीनने?"

ताई उठल्या, परत बसल्या. "ज्या नावाचे तीन तुकडे निघाले नाहीत त्या ओळी मी अर्धवट समजून बाजूला काढल्या. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. तीन तर असतातच ना!"

"पुण्यात असतात! इथे कुणी दोनात भागवतं, कुणी एकात."

त्या ममताकडे वळल्या. "पूरा नाम क्या है?"

"ममता."

"आगे?"

"आगे आदमी का लगाती थी. वो दूसरी को लेकर मानेसर भाग गया. अब आगे कुछ नहीं, मैडम. चाय अच्छी बनाती हूँ, वो लिख दो."

ताई हसल्या नाहीत. त्यांच्या गळ्यातल्या कंपनीच्या कार्डावर नवऱ्याचं नाव अजून मधोमध होतं. नावं कापणारी ओळ त्यांनी पुसून टाकली. आता नाव जसं आलं तसं अख्खं छापायचं. प्रिंटर पुन्हा सुरू झाला आणि या वेळी थांबेना. ममता बैल हाकावा तशी त्याला हाकत होती, "चलो, चलो!"

धापा टाकत खिडकी गाठली. बाबूने पानं चाळली. "इसका सरनेम?"

"जितना है, उतना छपा है," ममता म्हणाली.

ठप्पा पडला. किटली फाटकावर तशीच राहिलीय म्हणत ती पळाली.

दिल्लीच्या बसमध्ये ताई ओढणीचं टोक पिळत बसल्या. दिल्लीच्या हद्दीवरचं बदरपूर आलं तशा एकदम म्हणाल्या, "सूर्यकांत, मानेसरच्या कारखान्याची हजेरी कालच नावं कापणाऱ्या याच ओळीने काढून दिलीय मी. त्या ओळीने किती जणांना बाजूला टाकलं असेल?"

"उद्या बघा ना."

"उद्या पगार निघतात!"

बस नीट थांबायच्या आतच त्या उतरल्या आणि समोरच्या फरीदाबादच्या बसकडे धावल्या. कंडक्टरला शिव्या घालत मीही उडी मारली.